वाळू : एका उपमानाची चिकित्सा

भर्तृहरीच्या नीतिशतकाला वामनपंडितांनी जे मराठी रूप दिले, त्यातील वाळूच्या कणांविषयीचा एक चरण ठाऊक नाही असा मराठी शाळेत शिकलेला मनुष्य विरळा. वाळू रगडली असता तिच्यातूनही तेल गळेल, हा त्या चरणाचा आशय. शाळेच्या भिंतीवर तो रंगविलेला असतो. बक्षीससमारंभाचे अध्यक्ष तो हटकून म्हणतात. आणि परीक्षेत घसरलेल्या मुलास त्याचा मामा तो ऐकवितो. सर्वांचा अभिप्राय एकच, की प्रयत्न करा म्हणजे अशक्य तेही शक्य होईल. मौज अशी की, मूळ श्लोकात प्रयत्नाची स्तुती औषधालासुद्धा नाही. वाळूतून एक वेळ तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानोमाळ हिंडता हिंडता सशाचे शिंगही कोठे तरी सापडेल; परंतु हट्टास पेटलेल्या मूर्खाची समजूत घालणे मात्र कोणाच्याने होणार नाही, असा तो सगळा श्लोक आहे. कवीने अशक्य गोष्टींची एक उतरंड रचली आणि मूर्खाचे मन तिच्या शिखरावर ठेवले. आमच्या लोकांनी शिखर काढून टाकले, तळची घागर तेवढी घरी आणली, आणि तीही पालथी ठेवून तिची पूजा चालविली!

ह्या अर्थविपर्यासाबद्दल ओरड करण्याचे मला प्रयोजन नाही. सुभाषिते ही लोकांची मालमत्ता आहे, आणि लोक आपल्या मालमत्तेची विल्हेवाट आपल्या सोयीने लावतात. मला येथे निराळीच गोष्ट दाखवावयाची आहे. श्लोक सरळ वाचा किंवा उलटा वाचा, एक मुद्दा दोन्ही पक्षांस सारखाच मान्य आहे. तो हा की, वाळूत काही नसते. हाच ग्रह आमच्या सगळ्या भाषेत मुरलेला दिसेल. वाळूचा किल्ला म्हणजे टिकणार नाही ते. वाळूवरील रेघ म्हणजे पुसली जाणारच ती. मुठीतली वाळू म्हणजे निसटून जाणारे आयुष्य. वाळूसंबंधीची एक म्हण तर अशी आहे की, ती ह्या मासिकाच्या पृष्ठावर उद्धृत करता येत नाही. परंतु वाचकांस ती ठाऊक आहेच, आणि तिचाही रोख निष्फळतेकडेच आहे. सारांश, निष्फळ, क्षुद्र आणि क्षणभंगुर अशा तिन्ही विशेषणांचे ओझे आम्ही ह्या एका वस्तूच्या शिरावर दिले. ज्यांनी ज्यांनी हे उपमान वापरले, त्यांपैकी कितीजणांनी चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन उन्हात धरली असेल, हा माझा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, उपमानाकडे शास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी पाहावयाचे कारण काय? चंद्रावर खड्डे आहेत हे कळल्यानंतरही मुखचंद्र म्हणावयाचे कोणी सोडले नाही. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु मुखाला चंद्र म्हणणाऱ्या कवीने चंद्र पाहिलेला होता, आणि त्याने त्यातून जो गुण उचलला तो आल्हादक तेजाचा गुण चंद्राच्या ठायी खरोखरीच आहे. उपमेचा सारा व्यवहार ह्या एका गुणाच्या खरेपणावर चालतो. वाळूच्या बाबतीत आम्ही जो गुण गृहीत धरला, तो तिच्या अंगी नाही. किंबहुना त्याच्या विरुद्ध गुण तिच्या अंगी आहे. हे पुण्यामुंबईस बसून लक्षात येणे कठीण. चंद्रपूर (१९६४ पर्यंत ज्याला सरकारदरबारी चांदा म्हणत) आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या दोन अरण्यमय जिल्ह्यांच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. तिच्या पात्रात चैत्रवैशाखात उभे राहिले, म्हणजे ते आपोआप लक्षात येते.

प्रथम, वाळू हे कोणत्याही द्रव्याचे नावच नव्हे. ते एका आकारमानाचे नाव आहे. वेंटवर्थ नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९२२ साली जी मोजपट्टी घालून दिली आणि जी आजही चालते, तिच्याप्रमाणे एक मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शापासून दोन मिलिमीटरपर्यंतचा कण तो वाळूचा; मग तो शिंपल्याचा असो, पोवळ्याचा असो की लाव्ह्याचा असो. त्याहून मोठा तो खडा आणि त्याहून बारीक तो गाळ. तथापि जगातील नद्यांच्या पात्रांत जी वाळू सापडते, तिच्यात बहुतेक ठिकाणी गारेचा, म्हणजे ज्याला शास्त्रात स्फटिक किंवा क्वार्ट्‌झ म्हणतात त्याचा, भरणा अधिक असतो. असे का व्हावे? ग्रॅनाइट किंवा नाइस जातीच्या खडकात तीन मुख्य मंडळी एकत्र नांदत असतात : फेल्डस्पार, अभ्रक आणि गार. पाऊस, ऊन आणि झाडांची मुळे ह्यांचा मारा सर्वांवर सारखाच होतो. फेल्डस्पार, जो खडकात बहुधा सर्वांहून अधिक असतो, तो पाण्यापुढे हार खातो आणि त्याची चिकणमाती होते. अभ्रकाचे पापुद्रे सुटून जातात. गार मात्र विरघळत नाही, कुजत नाही. पोलादी सुरीचा ओरखडा तिच्यावर उमटत नाही. डोंगर मेल्यावर त्याचे जे मरत नाही ते वाळूच्या रूपाने मागे राहते. ज्या वस्तूस आम्ही नश्वरतेचे प्रतीक केले, ती डोंगराच्या सर्व घटकांत अधिक चिवट निघाली!

येथे मराठी वाङ्मयाच्या भूगोलासंबंधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमचे बहुतेक प्रसिद्ध कवी व गद्यकार देशावर आणि कोकणात झाले. देश हा काळ्या दगडाचा, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा मुलूख आहे. ह्या काळ्या दगडात गार जवळजवळ नसतेच. तो झिजला म्हणजे त्याची काळी कसदार माती होते, आणि तिच्यावर ज्वारी व कापूस पिकतो. तेथील नद्यांतही वाळू असते; परंतु ती बव्हंशी त्या काळ्या दगडाचाच चुरा असते, आणि कालांतराने तीही मातीस मिळते. तेव्हा देशावरील कवीला माती ठाऊक, धोंडा ठाऊक. वाळू मात्र त्याला मुख्यतः संस्कृत सुभाषितांतून भेटली असावी, असा माझा तर्क आहे. वैनगंगेची गोष्ट निराळी. ती मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाट, भंडारा करीत चंद्रपूर–गडचिरोलीच्या सीमेवर येते. वाटेत तिला जे खडक भेटतात, त्यांत काही अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने नाइस आहेत. देशावरचा काळा दगड त्यांच्यापुढे अगदी कालचे पोर! आरमोरी-वडशाच्या बाजूस उन्हाळ्यात नदीचे पात्र पाहावे. पाण्याची एक निळी रेघ कोठे तरी कडेला असते, आणि बाकी सगळी गव्हाळ, दाणेदार, उन्हात चकाकणारी रेती. ह्या भागात वाळू हा शब्द पुस्तकी आहे, बोलण्यात रेतीच.

आणि ही रेती निष्फळ असते काय? पात्र कोरडे पडले म्हणजे काठच्या बायका रेतीत हातभर खळगा करतात. त्यात हळूहळू स्वच्छ, गाळलेले, थंड पाणी जमते. ह्याला झिरा म्हणतात. ढिवर मंडळी ह्याच रेतीत डांगरवाड्या लावतात, आणि वैशाखात त्यातली डांगरे आणि टरबुजे गावोगावच्या बाजारात येतात. कणाकणांमध्ये जी पोकळी राहते, तीत पावसाळ्याचे पाणी साठून राहते आणि वरच्या कोरड्या थरामुळे ते उन्हाने उडून जात नाही, एवढाच त्यातला चमत्कार. वामनपंडितांचा तो श्लोक मी एकदा वर्गात शिकवीत असता सिरोंचा तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी हळूच म्हणाला, ‘सर, रेतीतून तेल नाही निघत, पण पाणी तर निघते.’ वर्ग हसला. माझ्या मते त्या श्लोकावर मी वाचलेल्या सर्व टीकांपेक्षा ही टीका सरस होती. कारण भर्तृहरीने वाळू आणि मृगजळ अशी जी अशक्यांची जोडी जमविली, ती ह्या मुलाने एका वाक्यात फोडली. जेथे त्याने पाणी काढले, तेथे मृगजळाची जरुरी उरली नाही.

आता टिकाऊपणाचा प्रश्न. नदीच्या प्रवाहात कण एकमेकांवर घासून झिजतात आणि शेवटी नाहीसे होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. क्यूनेन नावाच्या डच भूशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास ह्यावर प्रयोग केले. त्यांत असे आढळले की, नदीच्या तळाशी हजारो किलोमीटर लोळत गेला तरी गारेच्या वाळूचा कण म्हणण्याजोगा झिजत नाही. पाण्याचा पातळ पापुद्रा त्याच्याभोवती गादीसारखा असतो, आणि त्याचे स्वतःचे वजन इतके थोडे की टक्कर अशी होतच नाही. वारा मात्र त्याला अधिक लवकर गोल करतो. तेव्हा गोटा लवकर झिजतो आणि वाळू झिजत नाही! क्षुद्रपणातच तिचे संरक्षण आहे, हे भर्तृहरीला कळते तर त्याने त्यावर एखादा निराळा श्लोक खचित केला असता.

अशा कणाचे आयुष्य एका नदीपुरते नसते. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींत कोळशाच्या वर आणि खाली जे दगडाचे थर लागतात, ते वालुकाश्माचे, म्हणजे जुन्या नद्यांच्या वाळूचेच आहेत. त्यांच्या वरच्या, नागपूरजवळच्या कामठी गावाचे नाव धारण करणाऱ्या थराला सुमारे २५ कोटी वर्षे झाली. ह्या सगळ्या खडकमालेला भूशास्त्रात ‘गोंडवन’ असे नाव आहे. मेडलिकट ह्या भूशास्त्रज्ञाने ते १८७२ च्या सुमारास योजिले, आणि पुढे त्यावरूनच दक्षिण गोलार्धातील एका लुप्त महाखंडाचे नामकरण झाले. ज्या गोंड लोकांची राजधानी चांदा येथे होती, त्यांचे नाव असे आफ्रिका व अंटार्क्टिकापर्यंत पोचले. आता हा वालुकाश्म पुन्हा झिजतो, त्याचे कण सुटे होतात आणि वर्धेत, इरईत, प्राणहितेत उतरतात. आज प्राणहितेच्या काठी पायाखाली येणारा एखादा कण आधी एकदा डोंगर होता, मग नदी, मग पुन्हा दगड, आणि आता पुन्हा नदीत आहे. पुनर्जन्माची कल्पना आमच्या कवींनी फुलांवर, पाखरांवर, पावसाच्या थेंबावर बसविली. जिच्यावर ती सर्वात चपखल बसली असती, ती वाळू तेवढी वगळली.

चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र होतात. तेथून पुढे त्यांचे नाव प्राणहिता. ती दक्षिणेस सुमारे ११३ किलोमीटर वाहत जाऊन सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. तिच्या डाव्या तीरावर, सिरोंच्याच्या उत्तरेस, कोटा नावाचे लहानसे खेडे आहे. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल; भूशास्त्राच्या ग्रंथांत मात्र ते जगभर छापलेले आहे, कारण त्या नावाच्या थरांत प्राचीन मासे आणि सरीसृप ह्यांचे अवशेष सापडतात. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ह्या भागाच्या खडकांचा आणि जीवाश्मांचा पहिला पद्धतशीर शोध घेतला. मनुष्य मोठा विलक्षण. धर्मप्रसारासाठी आला, शाळा काढली, गोंडांच्या भाषा व चालीरीती टिपल्या, दगड फोडले. आणि १८६३ साली टाकळघाटचे प्राचीन दगडी वर्तुळ पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून मरण पावला. त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आज तेलंगणात मोडणाऱ्या तीरावर, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना कोटा थरातच एका अजस्र प्राण्याची हाडे मिळाली. १९७५ साली त्यांनी त्याचे नाव प्रसिद्ध केले : बारापासॉरस टागोरी. ‘बारापा’ म्हणजे बंगालीत मोठ्या पायाचा. आणि टागोरी ह्यासाठी की, १९६१ हे त्यांच्या शोधकार्यातील वर्ष कवीच्या जन्मशताब्दीचे होते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूने आणि चिखलाने जपून ठेवलेल्या प्राण्यास कवीचे नाव द्यावे, हे बंगाली शास्त्रज्ञांस सुचले. आमच्याकडे एखादा केशवसुती किंवा तुकारामी सरडा कोणी केल्याचे मला ठाऊक नाही. थट्टा बाजूस ठेवू. मुद्दा असा की, वाळू पाऊलखुणा पुसते एवढेच आम्ही पाहिले. ती हाडे ठेवते, लाटांच्या वळ्या ठेवते, आणि प्रसंगविशेषी पाऊलखुणाही ठेवते, हे पाहिले नाही.

आमच्या सर्वच परंपरेने वाळूला असे वाळीत टाकले होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कालिदासाची गोष्टच घ्या. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात दुष्यंत लताकुंजाच्या दाराशी पांढुरक्या वाळूत शकुंतलेची ताजी पावले पाहतो. ती पुढे उथळ आणि टाचेकडे खोल उमटलेली आहेत, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. सहाव्या अंकात तिचे चित्र पुरे करावयाचे, तर मालिनीच्या वाळूत बसलेली हंसांची जोडी त्याला हवीशी वाटते. कुमारसंभवात बालपार्वती मंदाकिनीच्या काठी वाळूची वेदी रचून खेळते, आणि मेघदूतातील अलकेच्या कन्या सोनेरी वाळूच्या मुठीत रत्ने लपवून ती शोधण्याचा खेळ मांडतात. येथे कोठेही वाळू निष्फळ नाही, नश्वर नाही. ती ठसा घेते, आकार घेते, लपविते आणि परत देते. नीतिकाराने वाळूविषयी ऐकले आणि कवीने ती पाहिली, हा दोघांतील भेद आहे. महामहोपाध्याय मिराशींनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादिले. ते मान्य केले, तर कालिदासाची वाळू आमच्या वैनगंगेपासून फार लांब नव्हती, असे समाधान आम्हा वैदर्भीयांस मानून घेता येते.

आणि जे कालिदासाने पार्वतीविषयी लिहिले, ते आमच्या घरोघरच्या बायका भाद्रपद शुद्ध तृतीयेस दरवर्षी करतात. हरतालिकेची पूजा वाळूच्या लिंगाची. माझी आई आदल्या दिवशी झरपटेच्या काठावरून पदरात रेती घेऊन येई. ती तीनदा धुवावयाची, पाण्यावर तरंगणारी काडीकचरा काढून टाकावयाची, आणि मग पाटावर ओल्या हाताने पिंड करावयाची. पिंड कोरडी झाली म्हणजे ढासळे. म्हणून रात्रभर ती मधून मधून फुलाने पाणी शिंपडी. लहानपणी मी तिला विचारले होते की, चांदीचे लिंग देवघरात असताना हे सारखे पडणारे कशाला? ती म्हणाली, ‘ते सोनाराने केलेले. हे मी केलेले.’ दुसऱ्या दिवशी तीच रेती पुन्हा नदीत. मुंबईचा वाळकेश्वर पाहा, त्याच्याही कथेत रामाने वाळूचेच लिंग केले. जे सहज मिळते, जे कोणाच्या मालकीचे नाही, आणि पूजा झाल्यावर जे जेथून आणले तेथे परत देता येते, अशा द्रव्याचा देव करावा, ही कल्पना मला नीतिशतकातील सर्व वैराग्यापेक्षा अधिक प्रौढ वाटते. तीत वाळूचे ढासळणे नाकारलेले नाही. ढासळणे हा त्या पूजेचा भागच आहे.

संतांची वाळू निराळीच. पंढरपूरचे वाळवंट हा शब्दच घ्या. शाळेच्या भूगोलाने ‘वाळवंट’ म्हणजे निर्जल ओसाड प्रदेश असे आम्हांस पढविले. वारकऱ्याचे वाळवंट चंद्रभागेच्या काठी आहे. तेथे पाणी आहे, गर्दी आहे, टाळमृदंग आहे. एकाच शब्दाच्या पोटात निर्जन रण आणि माणसांचा महापूर असे दोन अर्थ नांदतात, आणि आम्ही पहिल्यासच मुख्य समजतो. एकनाथांच्या चरित्रातील प्रसंग तर सर्वांच्या परिचयाचा आहे : पैठणास भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एका अस्पृश्याचे मूल रडत होते, ते नाथांनी कडेवर उचलून घेतले. ह्या कथेतील वाळू कशाचीही उपमा नाही. ती भाजते. नाथांस ती भाजत होती आणि त्या मुलासही. काठावरील बाकीच्या ब्राह्मणांसही ती भाजत असलीच पाहिजे. एका वस्तूचा सगळ्यांना येणारा सारखा अनुभव, हा त्या कथेचा पाया आहे. तेथे वाळूच्या जागी दुसरे काही घालून पाहा. कथा पांगळी होते.

अर्वाचीन कवितेने ह्या दोन जिवंत परंपरांपैकी एकही पुढे चालविली नाही, हे मला सखेद नमूद करावे लागते. तिने भर्तृहरीची वाळू ठेवली आणि तिच्यात इंग्रजीची भर घातली. काळ वाळूसारखा गळून जातो, ही कल्पना आज इतकी सर्रास झाली आहे की, ती परकी आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. आमचे घटिकापात्र पाण्याचे होते. ते पाण्यावर ठेवीत आणि भरले म्हणजे बुडे. लग्नघटका त्यावरच मोजीत. वाळूचे घड्याळ युरोपीय गलबतांचे आणि गिरिजाघरांचे. लाँगफेलोने १८३८ साली काळाच्या वाळूवर थोरांची पावले उमटविली, ती कविता आमच्या दोन-तीन पिढ्यांनी शाळेत पाठ केली, आणि तेव्हापासून मराठी काळासही वाळूचा रोग जडला. बरे, इंग्रजीचेच अनुकरण करावयाचे तर टेनिसनचे का केले नाही? लायलचा भूशास्त्रावरील ग्रंथ १८३० ते १८३३ ह्या काळात प्रसिद्ध झाला. तो टेनिसनने वाचला, आणि १८५० च्या त्याच्या विलापकाव्यात डोंगर छायेसारखे आकार बदलीत वाहतात अशी कल्पना उतरली. मित्राच्या मरणाचे दुःख त्याने त्या नव्या, भयंकर ज्ञानासमोर नेऊन उभे केले. ज्ञानाने काव्य मरते म्हणणाऱ्यांनी ते काव्य अवश्य पाहावे. ब्लेकच्या वाळूच्या कणाची स्तुती पुष्कळजण करतात. मला ती थोडी अधिक वाटते. त्याला कणात विश्व दिसले हे खरे. परंतु कण कोणता, कोठला, ह्याची चौकशी त्याने केली नाही. विश्व दिसल्यावर कणाचे त्याला काम उरले नसावे.

मराठी भाषेने मात्र एक वाक्प्रचार असा घडविला आहे की, त्यास मी कोणत्याही कवितेच्या तोडीचा समजतो : पायाखालची वाळू सरकणे. हा पुस्तकातून आलेला नाही. तो पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे. माझ्या वडिलांच्या अस्थी आम्ही मार्कंड्यास वैनगंगेत सोडल्या. तेथे नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, आणि काठावर वालुकाश्मात कोरलेली जुनी देवळे आहेत. म्हणजे डावीकडे उभी राहिलेली वाळू आणि उजवीकडे वाहणारी वाळू. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी मडके उलटे केले, आणि तेवढ्या वेळात प्रवाहाने टाचांखालची रेती हळूहळू काढून नेली. मनुष्य पडत नाही. थोडा खाली जातो, पाऊल उचलून दुसरीकडे ठेवतो, तेथेही तेच होते. तो वाक्प्रचार मी जन्मभर भीतीच्या अर्थाने वापरला होता. त्या दिवशी भीती वाटली नाही. हाडांतला चुना त्याच पाण्यात विरघळून जाणार होता आणि गार तेवढी पुढे जाणार होती. ही गोष्ट मला ठाऊक होती, आणि ठाऊक असल्यामुळे दुःख कमी झाले असेही नाही. परंतु त्याला बसावयास एक जागा मिळाली.

हाच वाक्प्रचार पुढे ह्याच भागात अक्षरशः खरा झाला, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणा सरकारने ८५ दरवाजांचा मेडीगड्डा बंधारा बांधला. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे काही खांब खचले. पायाखालची वाळू पाण्याबरोबर निघून जाणे, हे त्याच्या कारणांत सांगितले गेले. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचा दृष्टांत बायबलात आहे, आणि तो कित्येकांस त्या वेळी आठवला. मला तो दृष्टांत येथे अपुरा वाटतो. वाळूवर पूल, धरणे आणि नगरे उभी आहेत. वाळूवर बांधता येते. मात्र ती कोठून आली, किती खोल आहे, तिच्यातून पाणी कोणत्या वाटेने जाते, हे आधी तिला विचारावे लागते. जी वस्तू काहीच नाही असे आपण शाळेपासून पाठ केले, तिला कोण विचारणार?

कारण वाळू काहीच नाही, हा ग्रह काव्यापुरता राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१९ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ४ ते ५ हजार कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते. रणातील वाळू वाऱ्याने फार गोल व बारीक झालेली असल्यामुळे काँक्रीटला सहसा चालत नाही. नदीची, कोनदार, धुतलेली वाळूच लागते. १९५७ च्या खनिजविषयक कायद्यात तिला ‘गौण खनिज’ असे नाव आहे. हे विशेषण भर्तृहरीच्या वंशावळीतलेच दिसते! २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा गौण खनिजांच्या लहानमोठ्या सर्व पट्ट्यांस पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. वरच्या बाजूस वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. तेथे भिंतीमागे रेती अडते आणि खालच्या पात्रास तिची नवी भरती कमी होते, आणि खाली जी आहे ती ट्रॅक्टरने जाते. पात्रातली रेती गेली की झिरे आटतात, काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते आणि डांगरवाडीस जागा राहत नाही. जी रचावयास निसर्गास डोंगर खर्ची घालावे लागतात, ती एका रात्रीत उचलता येते.

ह्या प्रदेशाला अरण्याचे लेखक मिळाले. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या रानांतील पाखरे आणि झाडे मराठी गद्यात आणली. भामरागडास इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र होतात. तेथल्या माणसांचे जीवन प्रकाश आमटे ह्यांच्या ‘प्रकाशवाटा’मुळे घरोघर पोचले. रेतीचा लेखक अजून व्हावयाचा आहे. तो झाला, तर बहुधा सिरोंचा किंवा चामोर्शीच्या बाजूचा असेल, आणि ‘वाळू’ हा शब्द तो कदाचित वापरणारच नाही. ‘रेती’ हा त्याचा शब्द मात्र आज वर्तमानपत्रांच्या ताब्यात आहे. त्याच्या मागेपुढे घाट, लिलाव, चोरी, दंड आणि जप्ती ह्यांवाचून दुसरा शब्द क्वचित येतो. त्या सोबतीतून त्याला सोडवून आणणे हे पहिले काम ठरेल, आणि ते सोपे नाही.

चंद्रपुरात झरपटेच्या काठची रेती पूजेस घ्यावी अशी आता राहिली नाही. हरतालिकेच्या आदल्या दिवशी बायका शेजारच्या बांधकामावर जातात आणि ढिगातून ओंजळभर रेती मागून आणतात. ती बहुधा वैनगंगेचीच असते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्याचे अद्याप माझ्या ऐकिवात नाही.